पुरात गेलेल्या जनावरांची मदत: पंचनाम्यापासून खात्यावर पैसे येईपर्यंत

सप्टेंबर 2025 च्या पुरात आमची एक म्हैस, एक गाय, एक गाभण कालवड आणि नऊ शेळ्या गेल्या. सोलापूर जिल्ह्यात सीना नदीच्या काठाला आमचं गाव आहे. मोठ्या जनावरांची मदत खात्यावर जमा झाली, चार शेळ्यांचीही झाली, पाच शेळ्यांची अजून यायची आहे. कागद कुठून सुरू होतो, कुठं अडतो, कुणाला काय विचारायचं, हे आम्हाला कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला आपापल्या टेबलापुरतं माहीत होतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे. कुणाला लागू नये, पण लागलं तर हाताशी असावं.

22 सप्टेंबरला घटस्थापना होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि वरच्या अंगाला सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज गावाच्या ग्रुपवर येत होते. रात्री पाणी आलं ते नदीकडून नाही, ओढ्याकडून. काठावरच्या लोकांना हे ठाऊक आहे, नदी फुगली की ओढा उलटा भरतो आणि गोठ्याला मागून वेढा पडतो. मिस्टरांनी आणि दिरांनी विळ्यानं दावी कापली. दोन गायी आणि बैलजोडी अंधारात वरच्या शाळेपर्यंत आली. म्हैस बुजली, दावणीपासून हलेना. तिसरी गाय आणि कालवड निघाल्या होत्या, पण ओढ्याच्या धारेला लागल्या. शेळ्या कुडाच्या आडोशाला होत्या, तो कूडच गेला.

पाणी 25 तारखेला उतरलं. गोठ्यात मांडीइतका गाळ आणि त्यात आडवी पडलेली म्हैस. आबा, म्हणजे माझे सासरे, तिच्याजवळ बसून राहिले, कुणाशी बोलेनात. त्या वेळी फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. आमच्या दिरांना सुचलं, कारण 2022 मध्ये लम्पीच्या साथीत त्यांच्या मित्राची गाय गेली होती आणि तेव्हाही सगळं डॉक्टरांच्या दाखल्यावरच अडलं होतं. त्यांनी म्हशीचे चारी बाजूंनी फोटो काढले. एकात मागं आमचं घर दिसेल असं धरलं, एकात आबांना शेजारी उभं केलं, एक नुसता कानाचा. लोकेशन चालू ठेवलं होतं. फोन भिजून बंद पडतात, म्हणून फोटो लगेच पुण्याच्या नणंदेला पाठवून दिले. या फोटोंनी पुढं तीन ठिकाणी काम केलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर एक आणि गावं कितीतरी. जनावरांच्या मदतीसाठीच्या 1962 या नंबरवरही फोन लावला, तिथं नोंद घेतली, पण रस्तेच बंद होते. डॉक्टर 26 ला दुपारी ट्रॅक्टरवर बसून आले. तोवर म्हैस फुगली होती, वास सुटला होता. तरी आम्ही तिला हलवली नाही. शेजारचे म्हणत होते, पुरून टाका, रोगराई होईल. त्यांचंही बरोबर होतं. पण शवविच्छेदन झाल्याशिवाय जनावर पुरलं तर कागदाचा पायाच राहत नाही. अगदीच थांबता येत नसेल तर सरपंच, पोलीस पाटील आणि गावातले दोन जाणते उभे करून, फोटो काढून, त्यांच्या सह्यांचा कागद करून मगच पुरावं. आमच्या गावात दोघांनी तसं केलं आणि त्यांचं प्रकरण मान्य झालं.

डॉक्टरांनी आधी पोत्याचं ओलं फडकं मागितलं आणि म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला पुसला. गाळ नखानं खरवडून काढावा लागला. मग एकेक आकडा मोठ्यानं वाचला, बारा आकडे, आणि त्यांच्यासोबतच्या माणसानं ते मोबाईलवर टाकले. आबांचं नाव, गाव, म्हैस, पंढरपुरी, सगळं पडद्यावर आलं. मग दात पाहिले, कास पाहिली, वेत विचारलं. "दुसऱ्या वेताची, चालू दुधाची," आबा एवढंच बोलले. त्या दिवशीचे त्यांचे पहिले शब्द.

या बिल्ल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही. नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्यानं किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि बिल्ला नसेल तर भरपाई देय नाही, असाही नियम आहे. बिल्ला सरकारी दवाखान्यात मारून मिळतो आणि नोंद मालकाच्या नावावर ऑनलाइन चढते. आबांचा त्याला विरोध होता. "माझं जनावर मी वळखतो की," असं म्हणायचे. पण डेअरीवाल्यांनी शिबिर घेतलं तेव्हा सगळ्यांनी मारून घेतले, त्यात आमचेही झाले.

त्या बिल्ल्यामुळंच आमची गाय सापडली. 26 ला रात्री नदीपलीकडच्या गावातून फोन आला. त्यांच्या उसात एक गाय अडकली होती, तिथल्या पोरांनी बिल्ल्याचा नंबर पशुधन पर्यवेक्षकाला कळवला आणि नोंदीतल्या मोबाईलवर, म्हणजे माझ्या नंबरवर फोन आला. ती माणसं स्वतः पुरात होती, त्यांच्या घरात पाणी होतं, तरी त्यांनी हे केलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पण नदीपलीकडं धाराशिव जिल्हा लागतो. गाय आमची, मेलेली सापडली दुसऱ्या जिल्ह्यात, मग पंचनामा कुणी करायचा? आमचे भाऊसाहेब (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात भाऊसाहेबच) म्हणाले, "वहिनी, जनावर माझ्या सज्जात नाही, मी कसं लिहू?" तिकडचे म्हणाले, मालक आमच्याकडचा नाही. शेवटी तोडगा आमच्या डॉक्टरांनी सुचवला. शवविच्छेदन आणि मृत्यूचा दाखला जिथं जनावर सापडलं तिथल्या डॉक्टरांनी द्यायचा, बिल्ला काढून मालकाच्या ताब्यात द्यायचा आणि तसं दाखल्यावर लिहायचं. गोठ्यातून जनावर वाहून गेल्याचा स्थळपंचनामा आमच्या गावात करायचा आणि त्याला तो दाखला जोडायचा. असंच झालं. मिस्टर मोठा वळसा घालून गेले, कारण जवळच्या पुलावर पाणी होतं, आणि दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी परतले. पुन्हा पाऊस लागला होता, 27-28 ला पाणी परत चढलं. तो कागद तेव्हा हाती आला नसता तर पुढं काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

कालवड आमच्याच शिवारात, बाभळीच्या झुडपात सापडली. तिचा कान फाटलेला, बिल्ला गेलेला. नऊ शेळ्यांपैकी चार त्याच बाजूला मिळाल्या, पाच कुठंच नाहीत.

पुरण्यासाठी ग्रामपंचायतीनं जेसीबी दिला. चुना आणि खडे मीठ आम्ही आणलं, हजाराच्या आसपास गेले. खड्डा विहिरीपासून लांब आणि चांगला खोल घ्या. पुरतानाचाही एक फोटो ठेवा.

आता पंचनामा. भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षक एकत्र आले 30 तारखेला. सगळं गाव रांगेत, कुणाचं घर, कुणाची जमीन खरवडून गेलेली, कुणाची मोटार. माणसं थकलेली होती, रात्री उशिरापर्यंत शाळेत बसून लिहीत होती. अशा वेळी सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण सही करण्याआधी आपल्या नावासमोरच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला मागा, कारण रक्कम त्या रकान्यावर ठरते. त्या वेळचे दर असे होते: दुधाळ गाय-म्हैस 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100. आमच्या पंचनाम्यात पहिल्यांदा म्हशीपुढं 'मोठे जनावर' एवढंच लिहिलं होतं. मी 'दुधाळ' लिहायला सांगितलं. पुरावा म्हणून डेअरीच्या दुधाच्या पगाराच्या चिठ्ठ्या दाखवल्या. तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, सगळं त्यावर असतं. घरातल्या भिजल्या होत्या, डेअरीच्या संगणकातून पुन्हा काढून आणल्या. गायीच्या बाबतीतही त्याच उपयोगी पडल्या.

कालवडीवर मात्र आम्ही हरलो. सात महिन्यांची गाभण होती, दोन महिन्यांत व्यायली असती. डॉक्टरांनी दाखल्यात 'गाभण' असं स्पष्ट लिहिलं. तरी व्यायलेली नाही म्हणजे दुधाळ नाही, म्हणून ती 20,000 च्या गटात गेली. त्या गटात वासरू, गाढव, शिंगरू, खेचर असे सगळे येतात. मी लेखी हरकत दिली, पोच घेतली, तहसीलमधून तोंडी उत्तर आलं की निकषात गाभण असा वेगळा प्रकार नाही. मला हे पटलेलं नाही. लहानपणापासून वाढवलेल्या गाभण कालवडीत शेतकऱ्याची दोन-अडीच वर्षांची वैरण आणि मेहनत असते आणि दूध तिच्यात यायचंच असतं. हा निकष बदलायला हवा.

तिचा बिल्ला गेल्यामुळं ती आमचीच कशावरून, हाही प्रश्न आला. तिथं नणंदेच्या मोबाईलमधला फोटो कामाला आला. 2024 च्या वसुबारसेला आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गाय आणि हीच कालवड ओवाळली होती. कपाळावरचा पांढरा चांद आणि कानातला बिल्ला दोन्ही फोटोत स्पष्ट होते. फोटो मोठा केल्यावर शेवटचे आकडे वाचता आले आणि ते नोंदीशी जुळले. तेव्हापासून मी गावात सगळ्यांना सांगते, सणाला जनावरांचे फोटो काढता ना, एक कान समोर धरूनही काढा आणि बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आधीच्या निकषात मोठी दुधाळ जनावरं तीनपर्यंत आणि शेळ्या-मेंढ्या तीसपर्यंतच धरत, ती मर्यादा या वेळी काढली. आम्हाला त्यानं फरक पडला नाही, पण गावातल्या एका गोठेवाल्याच्या सहा दुधाळ गायी गेल्या होत्या, त्याला जीवदान मिळाल्यासारखं झालं. जनावरांचे दर मात्र तेच राहिले.

कागद गोळा करण्यात ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गेला. आम्ही दिलेले कागद: डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत, फोटोंचे प्रिंट, आबांचं आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, सातबारा आणि स्वयंघोषणापत्र. सेतूबाहेर एकानं सांगितलं, पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागेल, मी करून देतो. टेबलावर विचारलं तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चाललं. झेरॉक्स आणि प्रिंट मिळून पाचशेच्या आत भागलं. पेट्रोल आणि बुडालेली मजुरी धरली तर खर्च बराच वाढतो, तो कुणी मोजत नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा आणि दिलेल्या अर्जावर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. आवक क्रमांक सांगितला की टेबलावरचा माणूस फाईल शोधतो. नाहीतर 'काम चालू आहे' यापुढं उत्तर मिळत नाही.

आमच्याकडं पिकांच्या मदतीची यादी आणि जनावरांची यादी वेगळी होती. पिकांचे पैसे फार्मर आयडीवरून आले, त्याचा जनावरांच्या फाईलशी संबंध नव्हता. गावात पुष्कळांना वाटत होतं की पिकांचे आले म्हणजे सगळे आले. तसं नसतं, यादी वेगळी मागून पाहायची.

17 ऑक्टोबरला वसुबारस होती. आत्यांनी उरलेल्या दोन गायींना ओवाळलं. त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागली. आबांचं नाव होतं, पण आडनावात एक अक्षर चुकलेलं. आधारवर एक, यादीत दुसरं. दिवाळीच्या सुट्ट्या सुरू होण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्यायचा म्हणून मिस्टर तसेच तालुक्याला गेले. अर्ज घेतला गेला, पण बिलं सुट्ट्यांनंतरच जाणार असं कळलं. दिवाळीत आमच्या घरी दूध विकत आणलं. दुधावर घर चालणाऱ्या माणसाला ते पातेलं हातात धरताना काय वाटतं, ते मी लिहू शकत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांचे पैसे आले, आमचे आले नाहीत. चौकशी केल्यावर कळलं की आबांचं पासबुक आम्ही एका बँकेचं दिलं होतं आणि आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर येण्यासाठी, जोडलेलं होतं दुसऱ्या, जुन्या खात्याला. खात्याला आधार लावलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यावर उतरतात ते खातं वेगळं. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून पाहता येतं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. हे आधीच पाहून ठेवा, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. त्यांचं जुनं खातं कुठं कुठं उघडलेलं असतं ते त्यांच्याही लक्षात नसतं.

पैसे त्या जुन्या खात्यावर 14 नोव्हेंबरला जमा झाले, 1,11,000 रुपये. म्हैस आणि गाय मिळून 75,000, कालवडीचे 20,000, चार शेळ्यांचे 16,000. मेसेज माझ्या फोनवर आला. आबांना दाखवला, त्यांनी आकडा दोनदा वाचून घेतला आणि फोन परत दिला.

काढायला गेलो तर खात्यावर होल्ड. त्या बँकेत आबांचं पीककर्ज थकीत होतं. मदतीच्या शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं की या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये. मी तो निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून काढला, ती ओळ पेनानं अधोरेखित केली आणि अर्जाला जोडून शाखाधिकाऱ्यांना दिला. तोंडी वाद घातला नाही, फक्त पोच मागितली. चार दिवसांनी होल्ड निघाला. हे वाचणाऱ्यानं एवढं जरूर लक्षात ठेवावं. गावात किती जणांचे पैसे असे अडकले आणि ते गप्प बसले, हे मला नंतर कळलं.

आमची म्हैस सांगोल्याच्या बाजारातून 95,000 ला आणली होती, मागच्या वर्षी. 37,500 त तशी म्हैस येत नाही. आलेल्या पैशांत आम्ही थोडी भर घातली आणि डिसेंबरात पुन्हा सांगोल्याहूनच एक म्हैस घेतली, जरा जास्त वेतांची. कालवड घेतली नाही. मदत म्हणजे किंमत नव्हे, हे मनाशी धरून चाललं तर त्रास कमी होतो. पण मध्ये गेलेल्या दुधाचं काय, कडब्याची गंज वाहून गेली तिचं काय, याला रकाना नाही. वैरणीसाठी सरकारपेक्षा माणसं आधी धावली. खालच्या जिल्ह्यांतून मुरघासाच्या बॅगा भरून ट्रक आले आणि उरलेली चार जनावरं त्यावर जगली.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो शेळ्यांसाठी. चांगली उस्मानाबादी शेळी 4,000 ला कुठल्याच बाजारात मिळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना जमीन नाही, नवरा नाही, आठ शेळ्या हेच घर. त्यांच्याकडं पहिल्यांदा सातबारा मागितला गेला. मी त्यांच्यासोबत गेले, डॉक्टरांचा दाखला, रहिवासी दाखला आणि रेशनकार्ड लावलं आणि त्यांचा अर्ज सातबाऱ्याशिवाय घेतला गेला. त्यांच्या सहा शेळ्या मिळाल्या होत्या, त्यांचे 24,000 आले. भूमिहीन माणसानं सातबारा नाही म्हणून माघारी फिरू नये, डॉक्टरांचा दाखला पुढं करावा आणि अर्ज घ्यायला लावावा.

आमच्या पाच आणि काकूंच्या दोन शेळ्या 'वाहून गेल्या, मृतदेह मिळाला नाही' अशा शेऱ्यावर आहेत. त्यांना ना बिल्ला, ना शवविच्छेदन. पंचांचे जबाब, शेळ्यांचे जुने फोटो आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडून पुरवणी यादीसाठी वेगळा अर्ज डिसेंबरमध्ये दिला आहे. भाऊसाहेबांनी त्यावर सकारात्मक अभिप्राय लिहिला आहे आणि फाईल तहसीलमध्ये आहे. आवक क्रमांक माझ्याकडं आहे. पुरवणी यादी लागली की निकाल काय लागला तो इथंच खाली लिहीन, कारण मृतदेह न मिळालेल्या शेळ्यांचं काय होतं हा प्रश्न मला आमच्या भागातल्या बऱ्याच बायकांनी विचारला आहे.